नसलेल्या देशांचे नकाशे

मनुष्याच्या छंदांना हिशेब नाहीं. कोणी पोष्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं घांसून ठेवितो, कोणी कुंड्यांतून निवडुंग वाढवितो. आणि त्या प्रत्येकाला जमविण्याजोगी वस्तु तरी जगांत सांपडते. आमचा छंद याहूनहि निराधार आहे. जे देश पृथ्वीच्या पाठीवर कोठेंच नाहींत, त्यांचे नकाशे आम्ही काढतों. त्यांत समुद्रकिनारे असतात, घाट असतात, खिंडी असतात, नद्यांच्या मुखाशीं बंदरें असतात, आणि त्या सर्वांना नांवेंहि असतात. नसतो तो फक्त देश. हें काम आम्ही शाई-कागदावर न करितां संगणकावर, छायाचित्रें सुधारण्यासाठीं म्हणून केलेल्या एका प्रोग्रामांत करितों. हें ऐकून सभ्य मनुष्य हंसतो, आणि अधिक सभ्य मनुष्य विषय बदलतो. दोघांनाहि आम्ही दोष देत नाहीं. परंतु या पोरखेळांत कित्येक वर्षें घालविल्यावर खऱ्या नकाशांविषयीं जें थोडेंबहुत आम्हांस कळलें, तें दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें कळलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. तेवढेंच वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हा छंद नवा नाहीं. आपल्या पुराणकारांनीं जंबुद्वीपाभोंवतीं खारा समुद्र, त्यापलीकडे प्लक्षद्वीप व उसाच्या रसाचा समुद्र, मग शाल्मल, कुश, क्रौंच व शाक हीं द्वीपें आणि त्यांना वेढणारे सुरा, घृत, दधि व दुग्ध यांचे सागर, आणि सर्वांच्या शेवटीं पुष्करद्वीप व गोड्या पाण्याचा सागर अशी सृष्टीची मांडणी केली. त्यांत प्रत्येक द्वीप मागल्याच्या दुप्पट. ती त्यांची श्रद्धा होती, खेळ नव्हता. म्हणून त्यांना आम्ही आमच्या पंक्तीस बसवीत नाहीं. पण जें डोळ्यांना दिसत नाहीं त्यालाहि दिशा, अंतर आणि सीमा दिल्यावांचून मनाचें समाधान होत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें. जाणूनबुजून कल्पिलेल्या देशाचा नकाशा पाहावयाचा तर सर टॉमस मोर याचें 'यूटोपिया' घ्यावें. १५१६ सालीं लूव्हेन येथें तें छापलें गेलें, तेव्हांच त्यांत त्या नसलेल्या बेटाचें लांकडी ठशाचें चित्र होतें. अलीकडचें उदाहरण अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर याचें. १९३६ सालच्या 'ॲब्सलम, ॲब्सलम!' या कादंबरीला त्यानें आपल्या कल्पित परगण्याचा नकाशा जोडला, त्यांत क्षेत्रफळ व लोकसंख्या दिली, आणि त्या साऱ्या मुलखाचा एकमेव मालक म्हणून स्वतःचें नांव घातलें.

पण आमच्या पंथाचा खरा आद्यपुरुष म्हणजे स्टीव्हन्सन. १८८१ सालीं स्कॉटलंडांतील ब्रेमार या गांवीं तो आपल्या सावत्र मुलाच्या संगतींत रंगपेटी घेऊन बसला असतां त्यानें एका बेटाचा नकाशा रंगविला. त्यांतल्या खाड्या व टेकड्या पाहतां पाहतां तेथें माणसें हिंडूं लागलीं, आणि 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी जन्मास आली. नकाशा आधीं आणि गोष्ट मागून. पुढें पुस्तक निघावयाचें होतें तेव्हां प्रकाशकाकडे पाठविलेला हा मूळ नकाशा वाटेंत कोठें गहाळ झाला. मग बिचाऱ्यास स्वतःच्याच पुस्तकांतून एकेक उल्लेख वेंचून, त्या सर्वांशीं जुळेल असा नकाशा पुन्हां रचावा लागला. त्याच्या वडिलांच्या कचेरींत तो नीट काढला गेला. त्यांत फवारे उडविणारे देवमासे आले, शिडें उभारलेलीं गलबतें आलीं. तरीहि हा दुसरा नकाशा आपल्या बेटाचा आहे असें स्टीव्हन्सनला कधींच वाटलें नाहीं. ज्यानें हें काम एकदां तरी केलें आहे त्याला या तक्रारीचा अर्थ चटकन् कळेल. पहिल्या नकाशांत भूमि होती; दुसऱ्यांत भूमीविषयींचे पुरावे होते.

आतां साधनाविषयीं थोडें. १९९० सालीं टॉमस आणि जॉन नोल या भावांचा 'फोटोशॉप' बाजारांत आला, आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तींत त्याला थरांची जोड मिळाली. १९९५ त अमेरिकेंत बर्कली येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस यांनीं 'गिंप' नांवाचा तसाच प्रोग्राम लिहावयास घेतला. तो सर्वांस फुकट मिळतो, आणि आम्ही वापरतों तो हाच. या प्रोग्रामांचे निर्माते नकाशांचा विचार करीत होते असें नाहीं. छायाचित्रांतला अंधार उजळावा, डाग पुसावे, रंग बदलावे, एवढाच त्यांचा हेतु. पण सुताराच्या पटाशीनें जसें कोणी खेळणें कोरतो तसें कांहीं रिकामटेंकड्या लोकांनीं या हत्यारांनीं खंडें घडविण्यास आरंभ केला.

त्याची रीति अशी. एक कोरा चौकोन घ्यावा आणि त्यावर प्रोग्रामाकडून ढग काढवावे. हे ढग म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या नाना छटांचें एक पसरट मिश्रण होय. अशा आकृति गणितानें निर्माण करण्याची जी युक्ति केन पर्लिन यानें १९८५ सालीं प्रसिद्ध केली, तिचेंच हें फळ. मग 'थ्रेशोल्ड' नांवाची पट्टी उघडावी. शून्यापासून २५५ पर्यंतच्या छटांपैकीं अमुक छटेच्या वरचें सर्व पांढरें आणि खालचें सर्व काळें करावें, असा तिचा नियम. पांढऱ्यास भूमि समजावें व काळ्यास समुद्र. मग ती खूण उजवीकडे सरकवूं लागतांच पाणी चढूं लागतें. सखल मैदानें बुडतात, द्वीपकल्पांचीं बेटें होतात आणि बेटांचे खडक होतात. डावीकडे सरकवली कीं समुद्र ओसरतो आणि दोन खंडांमध्यें कोरडी वाट उघडी पडते. प्रलय आणि उत्पत्ति यांना एक बोट पुरतें. शिवाय प्रत्येक ढगाला एक बीजांक असतो. तोच अंक आणि तीच मापें पुन्हां दिलीं कीं तेंच खंड, त्याच खाड्यांसह, पुन्हां वर येतें. आमच्या एका वहींत असे कित्येक अंक टिपलेले आहेत. कोणी ती वही पाहिली तर त्यास ती वाण्याची खतावणी वाटेल.

या रीतीनें निघालेला किनारा इतका खरा कां वाटतो, याचें कारणहि मनोरंजक आहे. खरा किनारा जितक्या जवळून पाहावा तितका अधिक वांकडातिकडा दिसतो. मोठ्या आखाताच्या कडेला लहान खाडी, खाडीच्या कडेला ओहोळ, ओहोळाच्या कडेला दगड. ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर बेन्वा मांडेलब्रो यानें १९६७ सालीं निबंध लिहिला, आणि मोजपट्टी जसजशी लहान घ्यावी तसतशी ती लांबी वाढत जाते हें दाखविलें. मनुष्याचा हात अशी रेघ काढूं शकत नाहीं. तो थोड्याच वेळांत कंटाळतो व एकसारखीं वळणें काढूं लागतो. गणित कंटाळत नाहीं.

पुढचें सारें काम थरांवर चालतें. थर, ज्याला वापरणारे 'लेअर' म्हणतात, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या कांचाच समजाव्या. एकीवर समुद्राचा निळा, एकीवर जमिनीचा पिंवळट रंग, एकीवर डोंगर, एकीवर नद्या, एकीवर रस्ते, सर्वांत वर नांवें. कोणतीहि कांच लपवितां येते, अर्धपारदर्शक करितां येते, खालींवर हलवितां येते. रस्ते झांकले कीं देश हजार वर्षें मागें जातो. नांवें झांकलीं कीं तो मनुष्यहीन होतो. शाईच्या रेघेला माघार नसे. येथें 'अन्डू' म्हटलें कीं पर्वतरांग जशी आली तशी जाते, आणि कागदावर डागहि राहत नाहीं.

असें असतांहि ज्याला खरें काम म्हणावें तें येथून पुढें सुरू होतें. कारण या यंत्राला पाणी समजत नाहीं. ढगांतून किनारा निघतो. नदी निघत नाहीं. नदी उंचावरून सखलाकडे जाते, वाटेंत दुसऱ्या नद्या आपल्यांत घेते, आणि मुखाजवळचा प्रदेश सोडला तर सहसा फांकत नाहीं, हें बालबोध ज्ञान त्या प्रोग्रामाला नाहीं. तुम्ही डोंगराच्या पाठीवरून नदी नेली तर तो निमूटपणें नेऊं देतो. एका सरोवरांतून चार दिशांना चार नद्या काढल्या तरी त्याची हरकत नसते. म्हणून काढणाऱ्यानेंच प्रत्येक डोंगराला विचारावें लागतें कीं तुझें पाणी कोणीकडे जातें. ढग कोणत्या बाजूनें येतात, आणि त्यांच्या पाठीमागें कोरडा मुलूख कोठें पडतो. महाबळेश्वरास वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेस माणदेशांत पांचशेंची भ्रांत असते, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला डोंगराच्या दोन बाजूंना एकच हिरवा रंग देववत नाहीं.

प्रकाशाचेंहि असेंच आहे. डोंगरांना उठाव देण्यासाठीं त्यांच्या एका अंगास सांवली पाडावी लागते, आणि नकाशांतला सूर्य परंपरेनें वायव्येस, म्हणजे डावीकडच्या वरच्या कोपऱ्यांत, ठेवितात. तो खालीं आणून ठेवला कीं एक विलक्षण भ्रम होतो: पर्वत खोल दऱ्यांसारखे दिसूं लागतात आणि दऱ्या वर उठतात. रेघ एकहि बदललेली नसते. उजेड तेवढा हललेला असतो.

आणि इतके नियम पाळूनहि सृष्टि आपणांवर मात करितेच. समजा, आम्हीं असा एक देश काढला कीं ज्याच्या पश्चिम किनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटरांच्या आसपास एक मोठी नदी उगम पावते, त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरविते, आणि सारें द्वीपकल्प ओलांडून १,४६५ किलोमीटरांवरच्या पूर्व समुद्रास मिळते. कोणीहि जाणता टीकाकार म्हणेल कीं, ही ओढूनताणून आणलेली नदी आहे. परंतु ही आपली गोदावरीच होय. त्र्यंबकेश्वराजवळ ती निघते, सह्याद्रीची भिंत तिच्या पश्चिमेस उभी आहे आणि दख्खनचें पठार पूर्वेकडे कललेलें आहे, म्हणून ती तशी जाते. काल्पनिक नकाशाला संभाव्य दिसावें लागतें. खऱ्या नकाशावर तेवढी सक्ति नसते.

नांवांचा थर आम्ही शेवटीं घालतों, आणि त्याला सर्वांत अधिक वेळ लागतो. नांव म्हणजे नुसता आवाज असता तर काम सोपें होतें. पण आपल्याकडचीं नांवें पाहा. वडगांव, पिंपळगांव, बाभूळगांव, उंबरगांव: प्रत्येकाच्या वेशींत एकेक झाड उभें आहे. म्हणजे नांव देण्याआधीं तेथें कोणतें झाड वाढतें हें ठरलें पाहिजे, आणि झाडाआधीं पाऊस व माती. त्याहून मौजेचे शब्द म्हणजे बुद्रुक आणि खुर्द. एकाच नांवाचीं दोन गांवें शेजारीं नांदूं लागलीं म्हणजे मोठें तें बुद्रुक आणि धाकटें तें खुर्द. दोन्ही शब्द फारसींतून आलेले. कोणा राजवटीच्या दप्तरांत त्यांची नोंद झाली असेल, कोणत्या भाऊबंदकींतून एका गांवाचीं दोन झालीं असतील, याची सारी कथा त्या एका पुरवणी-शब्दांत गोठलेली असते. असा शब्द कल्पित देशांत घालावयाचा म्हणजे तेथें एक राजवट होऊन गेली पाहिजे, तिची भाषा वेगळी असली पाहिजे, आणि तिच्या कारकुनांनीं गांवें मोजलीं असलीं पाहिजेत. एका नांवापायीं आम्हांस शंभर वर्षांचा इतिहास बसवावा लागला आहे.

आमचे शेजारी अप्पा हे भूमिअभिलेख खात्यांतून निवृत्त झालेले भूकरमापक आहेत. तेहतीस फुटांची साखळी, प्लेन टेबल आणि टिपणांचीं बुकें यांत त्यांचें आयुष्य गेलें. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर. हा हिशेब त्यांच्या बोलण्यांत श्वासासारखा येतो. एकदां आमच्या भिंतीवरचा एक नकाशा ते बराच वेळ न्याहाळीत उभे राहिले. तो कोठला, हें त्यांनीं विचारलें नाहीं, बोट ठेवून ते म्हणाले, "या गांवाला पाणी कोठून?" आम्हीं वरच्या टेकडींतून येणारा ओढा दाखविला. त्यांनीं मान डोलाविली. मग म्हणाले, "आणि शीव? अहो, तुमच्या या देशाला शिवा नाहींत वाटतें?"

आम्हीं सांगितलें कीं, एवढ्या लहान प्रमाणाच्या नकाशांत गांवोगांवच्या शिवा दाखवीत नाहींत. अप्पा हंसले. "तसें नव्हे. आम्हीं जन्मभर रेघा काढल्या. आमच्या प्रत्येक रेघेच्या अल्याड एक मनुष्य उभा असे आणि पल्याड एक. मध्यें आम्ही साखळी धरून. रेघ वीतभर इकडे गेली कीं हा ओरडायचा, तिकडे गेली कीं तो. तुमची ही रेघ कशी छान वळली आहे! हिच्या कडेला कोणीच उभें नाहीं म्हणून ती अशी वळते."

हें बोलणें आम्हीं त्या वेळीं कौतुकानें ऐकलें, आणि पुढें त्याची प्रचीति लवकरच आली. त्यांचा भाचा एका रविवारीं एक गुळगुळीत रंगीत पत्रक घेऊन आला. शहराबाहेर कोणी एन. ए. प्लॉट पाडले होते, आणि त्यांतला एक घेण्याचें त्याच्या मनांत होतें. बरींच वर्षें सांठविलेली रक्कम आणि वर बँकेचें कर्ज, असा त्याचा बेत. इसार तेवढा द्यावयाचा राहिला होता. "मामा, हायवे अगदीं लागून आहे," असें म्हणून त्यानें पत्रकावरचा नकाशा उलगडला. अप्पांनीं तो पाहिला, कांहीं बोलले नाहींत, आणि भाच्यास घेऊन आमच्याकडे आले.

पत्रक हातीं घेतांच आम्हांस ओळखीचा हात दिसला. डोंगरांना तोच उठाव, सूर्य त्याच वायव्येच्या कोपऱ्यांत. ओढ्याची झालेली ती रुंद निळी नदी, तिच्या कडांना दिलेली ती मऊ पांढरी झांक, झाडांचे एकाच ठशानें उमटविलेले ते पुंजके. हा आमच्याच विद्येंत तयार झालेला मनुष्य होता, आणि कसबी होता. हमरस्ता, नियोजित वळणरस्ता, शाळा, इस्पितळ, सारीं कशीं प्लॉटांच्या भोंवतीं मांडलेलीं, जणूं लग्नांतल्या पंगतीचीं पानेंच. कोपऱ्यांत बारीक अक्षरांत लिहिलें होतें कीं, नकाशा प्रमाणांत नाहीं.

अप्पांनीं सातबारावरून गट नंबर काढला होता आणि भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ती जागा ओढ्याच्या व गांवठाणाच्या खुणांनीं नेमकी दाखविली. या प्रमाणांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. आम्हीं तो नकाशा संगणकांत घेऊन खालच्या थरावर ठेवला, पत्रकाचें चित्र वरच्या थरावर, आणि वरचा थर अर्धपारदर्शक केला. मग टेकडीवरचें देऊळ आणि ओढ्यावरचा पूल या दोन खुणा एकमेकींवर बसेपर्यंत वरचें चित्र फिरवून लहानमोठें केलें. त्या दोन खुणा बसल्या. तिसरी कोणतीच बसली नाहीं. देऊळ आणि पूल यांच्यामधलें अंतर दोन किलोमीटर, म्हणजे चार सेंटिमीटर. त्याच मापानें प्लॉटापासून हमरस्ता बारा सेंटिमीटरांवर यावयास पाहिजे होता. पत्रकावर तो दीड सेंटिमीटरावर होता. सहा किलोमीटर अंतर त्या कसबी हातानें घडी घालून खिशांत ठेवावें तसें ठेविलें होतें.

भाचा पडद्याकडे पाहत गप्प राहिला. अप्पांनीं त्याला उपदेश केला नाहीं. "ही रेघ कोणी चालून पाहिलेली नाहीं," एवढेंच ते म्हणाले. इसार दिला गेला नाहीं. तेवढ्यावरून भाच्याचें नशीब उघडलें असें नव्हे. तो अजून भाड्याच्याच घरांत आहे, आणि शहरांतल्या जागांचे भाव त्याच्या सांठविण्याच्या वेगानें चालत नाहींत. पण जें गेलें असतें तें त्याच्या हातीं राहिलें.

यावर कोणी म्हणेल कीं, लबाड नकाशा आणि खेळाचा नकाशा यांत फरक उघड आहे: एक फसविण्यासाठीं काढलेला, दुसरा रमविण्यासाठीं. खरें आहे. आमच्या देशाला पत्ता नाहीं, म्हणून तेथें जाण्यासाठीं कोणी कर्ज काढीत नाहीं. पण एवढ्यानें विषय संपत नाहीं. कारण तिसरा एक प्रकार आहे, आणि तो विचार करावयास लावणारा आहे. ज्या सर्वेक्षण खात्याच्या नकाशानें आमचें काम झालें, त्याचा आरंभ १७६७ सालापासून धरितात. त्याच सालीं जेम्स रेनेल हा बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला. गंगेचे व ब्रह्मपुत्रेचे फांटे त्यानें नावेंतून फिरून मोजले. त्याच्या बंगालच्या नकाशांचा पुढें पिढ्यान् पिढ्या आधार घेतला गेला. अशा या सावध मनुष्यानें १७९८ सालीं, मंगो पार्क याच्या आफ्रिकेंतील प्रवासवृत्तासाठीं, एक नकाशा काढला. नायजर नदी पूर्वेकडे वाहते हें पार्कनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. मग ती दक्षिणेस जवळ असलेल्या गिनीच्या आखाताकडे कां वळत नाहीं? मध्यें कांहींतरी आडवें असलें पाहिजे. पार्कच्या वृत्तांतांत कांहीं डोंगरांचा उल्लेख होता. रेनेलनें ते डोंगर लांबवून पश्चिम आफ्रिकेवर एक सलग पर्वतरांग आंथरली, आणि तिला कोंगचे पर्वत हें नांव पडलें.

हे पर्वत अस्तित्वांतच नव्हते. नायजर पुढें दक्षिणेस वळते व त्याच आखातास मिळते, हें लँडर बंधूंनीं १८३० सालीं तिच्या मुखापर्यंत जाऊन दाखविलें. तरी नकाशांवरचे पर्वत हलले नाहींत. एका नकाशावरून दुसरा नकाशा काढणारे त्यांना पुढच्या पिढीच्या हवालीं करीत राहिले. शेवटीं लुई-गुस्ताव बँझे हा फ्रेंच अधिकारी १८८७ ते १८८९ या काळांत त्या मुलखांतून फिरला आणि पर्वत तेथें नाहींत हें त्यानें सांगितलें, तेव्हां ते हळूहळू पुसले गेले. रेनेलनें कोणास फसविलें नाहीं. आम्ही आमच्या देशांत रोज जें करितों तेंच त्यानें केलें: नदीला कारण पाहिजे म्हणून डोंगर दिला. आमच्या खेळांत ही रीति म्हणजे शहाणपण. खऱ्या भूमीवर तिनेंच नव्वद वर्षें जगाला एक नसलेला पर्वत दाखविला.

याच्या अगदीं उलट वागणारा पुरुष म्हणजे फ्रान्सचा द'आन्व्हील. आपल्या १७४९ च्या आफ्रिकेच्या नकाशांत त्यानें जुन्या नकाशांतलीं ऐकीव सरोवरें, ऐकीव राज्यें व ऐकीव पर्वत काढून टाकले, आणि जेथें भरंवशाची माहिती नव्हती ती जागा कोरी ठेवली. विकत घेणाऱ्याला भरलेला नकाशा आवडतो. कोऱ्या कागदाचे पैसे कां द्यावे असें त्यास वाटतें. तरीहि त्यानें तें केलें. हत्तींची आणि सिंहांची चित्रें घालून रिकामी जागा भरण्याचा प्रघात त्याच्या आधीं कित्येक वर्षें रूढ होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या कोऱ्या जागेची किंमत कळते. आज चित्रसंपादनाच्या प्रोग्रामांत रिकामी जागा भरणें हें सर्वांत सोपें काम झालें आहे. आजूबाजूचा रंग पाहून यंत्रच ती भरून देतें, आणि भरलेलें तें खालच्याशीं इतकें एकजीव होतें कीं सांधा दिसत नाहीं. म्हणून सुसंगत दिसतें तें खरें असेल, ही जी आपल्या डोळ्यांची जुनी संवय आहे, ती आतां पूर्वीपेक्षां अधिक धोक्याची झाली आहे. सुसंगति आतां फार स्वस्त झाली आहे. ज्यानें ती स्वतः उत्पन्न करून पाहिली आहे, त्याला तिचा खरा भाव ठाऊक असतो. आणि या निरर्थक दिसणाऱ्या छंदाचा कांहीं उपयोग सांगावयाचाच असेल तर तो हाच होय.

अलीकडे आम्हीं आमच्या नकाशांतहि कोरी जागा ठेवण्यास आरंभ केला आहे. हें हास्यास्पद आहे, हें आम्हांस समजतें. ज्यानें देश निर्माण केला त्यालाच तेथें काय आहे हें माहीत नसावें, असें कसें होईल? परंतु तें खरेंच माहीत नसतें. डोंगरापलीकडच्या त्या भागाचें पाणी कोणीकडे जातें हें अजून ठरलेलें नसतें, आणि ठरेपर्यंत तेथें रंग टाकण्यास हात धजत नाहीं. अप्पांच्या आग्रहावरून एका लहान खोऱ्याचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा आम्हीं घेतला आहे. त्यांत एक बुद्रुक आहे, एक खुर्द आहे, मध्यें ओढा आहे, आणि दोन्ही गांवांची शीव त्या ओढ्याच्या मधून जाते. पावसाळ्यांत ओढा पात्र बदलतो. शीव त्याच्याबरोबर बदलावी कीं जुन्या पात्रांतच राहावी, यावर दोन्ही गांवांत वाद आहे, आणि तो मिटेपर्यंत ती रेघ तुटक ठेवावी असें अप्पांचें मत पडलें. ते अधूनमधून येतात, चष्मा सांवरतात, आणि वादाची प्रगति विचारतात.

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यांत आम्ही प्रमाण घालतों, उत्तर दिशा दाखवितों, आणि हा देश कल्पित आहे असें चांगल्या ठळक अक्षरांत लिहितों. तेथें जमीन सुपीक आहे, पाणी बारमाही आहे आणि हवा उत्तम आहे. प्लॉट विक्रीस नाहींत.